आकाशची आकाशी झाली : बजरीगरच्या जोडीच्या नोंदी

२३ जून २०२४, रविवार

कोल्हापूरहून जोडी आणली. सहाशे रुपये. दुकानदार 'लव्हबर्ड' म्हणाला. आपल्याकडे सगळेच तसं म्हणतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे, दणकट चोचीचे. ही बजरीगर, मूळची ऑस्ट्रेलियातली. शेपटी लांब, अंग मुठीएवढं, डोक्यापासून पाठीवर बारीक काळ्या लहरी.

आईनं खोक्यात डोकावून विचारलं, "राघूच न्हवं ह्यो?" तिच्या माहेरी परसात राघूचा पिंजरा असायचा. तसला राघू आता पाळला तर वनखातं दारात येईल. आपल्याकडचे पोपट पिंजऱ्यात ठेवायला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे. बजरीगर बाहेरदेशीचे आणि पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेले, म्हणून चालतात. आईला एवढंच कळलं की राघूपेक्षा हे लहान आहेत आणि महाग आहेत.

हिरवी ती मादी, निळा तो नर, असं दुकानदारानं सांगितलं. चोचीच्या मुळाशी नाकपुड्यांची जाडसर गादी असते, ती बघायची. मादीची तपकिरी, नराची निळी. हिरवीची तपकिरी होती. निळ्याची फिकट, निळसर. मी पाहिलं, मान हलवली, पैसे दिले. एस.टी.त मुलीनं नावं ठरवली: मिरची आणि आकाश.

पिंजरा तीन फूट लांब, दीड फूट रुंद. गोल पिंजरा घेतला नाही, पाखरू त्यात उडत नाही, नुसतं गरगरतं. आमच्या हुपरीत बहुतेक घरांसारखं आमच्याही खाली चांदीकाम चालतं. आटणी, डाक, तेजाब, सगळ्याचा धूर तळमजल्यावर. पाखरांना तो मुळीच सोसत नाही, म्हणून पिंजरा वर, मागच्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीपासून जरा आत. हिला सांगितलं की नॉनस्टिक तवा रिकामा तापवायचा नाही, फार तापला तर त्याच्या वाफेनं पाखरं मरतात. "आणि आम्ही?" म्हणाली. तवा माळ्यावर गेला.

३० जून

चांदीच्या काट्यावर प्लास्टिकची डबी ठेवून दोघांना जोखलं. मिरची ३६.४ ग्रॅम, आकाश ३४.९. म्हणजे हलक्या पैंजणाच्या जोडाएवढंही नाही. पंधरवड्याला एकदा जोखायचं ठरवलं. पाखरू आजारपण लपवतं, वजन लपवत नाही.

२१ जुलै

पाऊस आठ दिवस थांबलेला नाही. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागात बजरीगर पावसाची वाट बघतात. पाऊस पडला, गवताला बी धरलं, की लगेच घरटी. ऋतू ठरलेला नाही, खायला आहे का ते बघतात. म्हणजे आपण पिंजऱ्यात करायचं ते इतकंच: सुकाळ आहे असं त्यांना वाटू द्यायचं.

सध्या रोज राळे आणि बाजरी, दोन्ही मिळून दोन चहाचे चमचे दर पाखरामागे. एक दिवसाआड भिजवून मोड आणलेले राळे. कोथिंबीर पाणी निथळून पिंजऱ्याला अडकवली तर दोघं आधी तिच्यात अंग घासून अंघोळ करतात, मग खातात. पालक कमी देतो, त्यातलं आम्ल कॅल्शियम अडवतं. आणि अंड्याचं कवच होणार कशाचं, कॅल्शियमचंच. त्यासाठी पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेस आणला, म्हणजे माकुलाच्या पाठीतलं हाड. पाखरांच्या दुकानात तेच 'कटल बोन' म्हणून पाकिटात चौपट भावानं मिळतं. तारेनं बांधलं. मिरचीनं पहिल्याच दिवशी एक कोपरा पांढऱ्या पिठासारखा केला.

मुलगी म्हणते की आकाश मिरचीच्या चोचीत चोच घालून तिला भरवतो. मीही पाहिलं. जमलं म्हणायचं.

११ ऑगस्ट

मडकं आणलं. कोल्हापुरात, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत सगळीकडे गणपती, मडक्याचं कोण विचारतो! एका आजोबांनी मागच्या खोलीतून काढून दिलं. पोटाला दोन इंचांचं गोल भोक, तोंडावर सुटं झाकण. झाकण महत्त्वाचं, ते उचलून आत बघता येतं. रंगवलेलं नको म्हणून सांगितलं होतं, पाखरं रंग कुरतडतात.

तळाशी सुताराकडचा जाड भुसा दोन बोटं. मडकं पिंजऱ्यात जितकं वर बसेल तितकं वर, भोक उजेडाकडे. पहिले दोन दिवस कोणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी मिरची भोकाच्या काठावर बसून आत बघत होती, विहिरीत घागर पडल्यावर बाया बघतात तशी.

एक गोष्ट खटकते, लिहून ठेवतो. अंड्यावर बसवायचं तर मादी वर्षाची हवी. दुकानदार 'आठ-नऊ महिने' म्हणाला. पिल्लांच्या कपाळावर चोचीपर्यंत काळ्या रेघा असतात, त्या साडेतीन-चार महिन्यांत जातात. दोघांच्या गेलेल्या आहेत. मोठं झाल्यावर बुबुळाभोवती पांढरं कडं दिसतं. भिंग लावून पाहिलं तर मिरचीचं कडं स्पष्ट, आकाशचं अंधूक. थांबायला हवं होतं. मडकं तरी ठेवलं.

२ सप्टेंबर

पहिलं अंडं! पांढरं, बिनचमकेचं, करंगळीच्या पेराएवढं. आठवडाभर मिरचीची विष्ठा मोठी आणि घाण वासाची झाली होती. ते आजारपण नव्हे, मादी अंड्यावर बसायच्या बेतात असली की तसंच होतं. अंड्याचं वजन २.२ ग्रॅम.

६ सप्टेंबर

चार तारखेला दुसरं, आज तिसरं. रात्री मुलगी ओरडली, "पप्पा, चार आहेत." मी म्हटलं, तुझं मोजायला चुकलं. चुकलं नव्हतं.

उद्या गणपती. चांदीच्या दुर्वा, मोदक, जास्वंदीची फुलं, सगळ्या ऑर्डरी आजच हव्यात. पाखरांकडे बघायला वेळ नाही.

८ सप्टेंबर

सहा अंडी. आज पुन्हा दोन.

हे काही बरोबर नाही. एक मादी एक दिवसाआड एक अंडं घालते. २, ४, ६, ८, म्हणजे आजवर चार व्हायला हवीत. सहा कुठून आली? आणि आकाश दुपारभर मडक्यात असतो. नर मडक्यात फारसा बसत नाही, बाहेर बसून मादीला भरवतो. आरतीला आलेल्या मेव्हण्यानं सांगितलं, "दाजी, तुमचा नर लई घरगुती दिसतो."

१० सप्टेंबर

आठ अंडी झाली. दुपारी खालचं भिंग वर नेलं. आकाशला टॉवेलात अलगद धरून नाकाची गादी बघितली. फिकट निळा रंग एकसारखा नव्हताच. नाकपुड्यांच्या भोकांभोवती पांढरी कडी होती, आणि कडेला तपकिरी खरबरीत पापुद्रा धरायला लागला होता.

ही मादी आहे. कोवळ्या मादीचं नाक फिकट निळं असू शकतं, पण भोकांभोवती पांढरं कडं असतं. नराचं नाक सगळीकडे एकसारखं. कडं जूनमध्येही असणार. पंचवीस वर्षं चांदीत काढली, टंच काढल्याशिवाय दहा ग्रॅमची लगड घेतली नाही. पाखराच्या नाकावर मात्र दुकानदाराच्या शब्दावर मान हलवली.

फोन केला. तो म्हणाला, "एका मडक्यात राहतात, भरवतात, अजून काय पाहिजे? जोडीच आहे." एका अर्थी खरंच आहे. दोन माद्या एकत्र वाढल्या तर त्यांचीही जोडी जमते. भरवतात, एकमेकींच्या पाठीवर चढतात, अंडीही घालतात. फक्त त्या अंड्यांत काही नसतं.

मुलीनं नाव बदललं. आकाशी.

१२ सप्टेंबर

तरीही टॉर्च लावून पाहिलं. पुठ्ठ्याला भोक पाडायचं, मोबाईलचा दिवा त्याखाली, अंडं वर. फळलेल्या अंड्यात पाच-सहा दिवसांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. पहिली चारही अंडी स्वच्छ पिवळी, कंदिलाच्या काचेसारखी.

अंडी काढली नाहीत. काढली तर त्या आणखी घालतील आणि हाडातलं कॅल्शियम रिकामं होईल. कंटाळून स्वतः सोडू देत.

२९ सप्टेंबर

कंटाळल्या. अंडी, मडकं, भुसा काढला. वजन मिरची ३५.१, आकाशी ३२.८. आकाशी उतरली आहे. उकडलेलं कोंबडीचं अंडं कवचासकट कुस्करून आठवड्यातून दोनदा.

२० ऑक्टोबर

इचलकरंजीत एक निवृत्त गुरुजी गच्चीवर बजरीगर पाळतात. विकत नाहीत, ओळखीनं देतात. त्यांच्याकडे पाऊण तास बसलो आणि दुकानदाराकडे चार महिन्यांत कळलं नव्हतं ते कळलं.

त्यांनी दिलेला नर पूर्ण पिवळा, डोळे लाल. नाक गुलाबी-जांभळं. मी लगेच म्हटलं, "गुरुजी, हे तर निळं नाही." ते हसले. "निळं निळं करू नका. पिवळ्या लाल डोळ्यांच्या नराचं नाक म्हातारपणापर्यंत गुलाबीच राहतं. रंग बघू नका, एकसारखेपणा बघा."

मग त्यांनी पाटीवर खडूनं लिहून दाखवलं. पक्ष्यांत माणसांच्या उलटं असतं. नरात दोन झेड गुणसूत्रं, मादीत एक झेड आणि एक डब्ल्यू. पिवळा लाल डोळ्यांचा रंग झेडवर बसून येतो. मुलीला झेड मिळतो तो फक्त बापाकडून. "म्हणून पिवळा बाप आणि हिरवी आई असली, की सगळ्या पोरी पिवळ्या आणि सगळे पोरगे हिरवे. पिल्लू अंड्यातून निघालं की डोळा बघून सांगायचं, मुलगा की मुलगी. नाकाची भानगडच नाही." माझ्या दुखऱ्या जागेवर त्यांनी नेमकं बोट ठेवलं होतं.

नाव 'गूळ'. दुसरं काही ठेवायचं धाडस कोल्हापूर जिल्ह्यात कोण करेल!

महिनाभर वेगळ्या पिंजऱ्यात, वेगळ्या खोलीत. नवीन पाखरू आलं की रोग आणतं, दिसत नसला तरी.

३ नोव्हेंबर

दिवाळी. फटाके सुरू झाले की पिंजरे जाड चादरीनं झाकले आणि लहान दिवा चालू ठेवला. पूर्ण अंधारात घाबरून उडाली तर जाळीवर आपटून पंख मोडतात. सगळे ठीक.

२४ नोव्हेंबर

मिरची आणि गूळ मोठ्या पिंजऱ्यात. आकाशी शेजारच्या पिंजऱ्यात, हाकेच्या अंतरावर. एका मडक्यासाठी दोन माद्या ठेवायच्या नाहीत, रक्त निघेपर्यंत भांडतात. पण एकटी जोडी गप्प घरात अंडी घालायला कचरते, इतरांचा कलकलाट कानावर हवा. आकाशी तेवढं काम चोख करते.

गुळानं अर्ध्या तासात मान वरखाली करत बडबड सुरू केली, डोळ्याची बाहुली बारीक-मोठी, चोचीनं दांडी ठोकतोय. मिरची पाठ फिरवून समुद्रफेस खात राहिली.

८ डिसेंबर

आठवडाभर तो भरवतोय आणि ती खातेय. मडकं धुऊन, उन्हात वाळवून पुन्हा लावलं. थंडी आहे, त्यामुळे वेळ चांगली. मार्चनंतर हुपरीतल्या पत्र्याखाली पिल्लं काढायची नाहीत, मडकं भट्टी होतं. उजेड बारा तास व्हावा म्हणून संध्याकाळी सात वाजेपर्यंत दिवा.

२७ डिसेंबर

१९, २१, २३, २५, २७. पाच अंडी, एक दिवसाआड, शिस्तीत. पंचांगासारखी! एवढ्या साध्या हिशोबाचा इतका आनंद कधी झाला नव्हता.

२८ डिसेंबर

पुठ्ठा आणि मोबाईल. पहिल्या दोन अंड्यांत शिरा. दुसऱ्यात मधोमध एक ठिपका धडधडत होता. मुलीनं अंडं हातात घेऊन तो बघितला आणि काही बोलली नाही. मी तिला परत ठेवायला सांगितलं तेव्हा तिनं दोन्ही हातांनी ठेवलं.

७ जानेवारी २०२५

सकाळी झाकण उचलायच्या आधीच मडक्यातून आवाज आला, घड्याळाच्या काट्यासारखा, पण बेताल. पहिलं पिल्लू. १.८ ग्रॅम. गुलाबी, आंधळं, डोकं अंगापेक्षा जड. मिरची त्याला उताणं करून भरवते, पहिल्या दिवसांत असंच भरवतात. मला वाटलं होतं ते मेलं म्हणून उताणं पडलंय, आणि मी जवळजवळ हात घातलाच होता.

पापणीखालून डोळा काळा दिसतो. म्हणजे मुलगा.

१२ जानेवारी

आठला दुसरं, लाल डोळे, मुलगी. दहाला तिसरं, काळे डोळे. आज चौथं, लाल. पाचवं अंडं कोरंच आहे. दोन आणि दोन. गुरुजींना फोन करून सांगितलं, ते म्हणाले, "पाटी पुसली नव्हती अजून."

सगळ्यात थोरल्याचं वजन आज ६.९ ग्रॅम, धाकट्याचं १.७. एका मडक्यात एवढा फरक. पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच मादी बसते, म्हणून पिल्लं एकाच दिवशी निघत नाहीत. शेवटचं बहुतेक वेळा मागे पडतं. म्हणून भिजवलेले राळे आणि अंडं आता दिवसातून दोनदा, दोन तासांनी उरलेलं काढायचं, नाहीतर आंबतं.

२२ जानेवारी

चौथीचा उजवा पाय बाजूला पसरलाय. बेडूक कापून ठेवल्यासारखी पडते. चूक माझी. मिरचीनं भुसा उकरून बाहेर टाकला होता, खाली गुळगुळीत माती उरली, पिल्लाचा पाय घसरत गेला. मी झाकण उचलून पिल्लं मोजत होतो, तळाकडे बघत नव्हतो.

गुरुजींनी सांगितलं तसं केलं. पैंजणाच्या डबीत खाली मऊ फोम असतो, त्याची अर्ध्या बोटाएवढी पट्टी कापली. दोन भोकं, मधलं अंतर पायांच्या नैसर्गिक अंतराएवढं. पिल्लू डाव्या तळहातावर उताणं, पोट गरम, गळ्याखालच्या पिशवीतला दाण्यांचा गोळा कातडीतून दिसतो. भोकाला चीर देऊन पाय आत सरकवायचा, बोटं दुमडू द्यायची नाहीत. मग चीर मायक्रोपोर पट्टीनं बंद. रोज कडीत कडी अडकवणारे हात आहेत, तरी सात मिनिटं लागली आणि पाठीला घाम. हुपरीत पैंजण कोणाच्या पायात घालायचं राहिलं होतं, तेही झालं.

नवा भुसा तीन बोटं. मिरचीनं फोमकडे एकदा बघितलं, दोनदा टोचलं, मग भरवलं.

२८ जानेवारी

फोम काढला. पाय आत आला. बसल्यावर थोडी कडेला झुकते, पण बोटांनी माझी करंगळी धरली. थोरल्याला पाठीवर हिरवी पिसं फुटली आहेत, नळीतून निघतात तशी. मुलगी म्हणते, सोललेल्या मक्यासारखा दिसतो.

९ फेब्रुवारी

मिरचीनं सहा तारखेला मडक्यात नवं अंडं घातलं, पिल्लं आत असतानाच. आज थोरल्याची पाठ उपटलेली. नवं घरटं हवं असलं की माद्या कधी कधी जुन्या पिल्लांना अशी हाकलतात.

चारही पिल्लं आणि गूळ दुसऱ्या पिंजऱ्यात. धाकटी अजून चार आठवड्यांची, तिच्यासाठी तळाशी भुशाचं ताट. मला वाटलं गूळ एकटा चौघांना पुरा पडणार नाही. संध्याकाळपर्यंत तो ताट आणि दांडी यांत नुसता ये-जा करत होता, आणि आकाशी शेजारच्या जाळीला लटकून जवळ येईल त्याच्या चोचीत चोच घालायला बघत होती.

मडकं काढलं. यंदा पुन्हा नाही. अंडी घालणं मिरचीला थांबवता येत नसेल, पण पिल्लं वाढवणं थांबवता येतं. तिचं वजन ३३.२.

११ फेब्रुवारी

मिरचीनं दाण्याच्या वाटीत अंडं घातलं आणि त्यावर बसली, राळ्यांसकट. दाणे दुसऱ्या वाटीत दिले.

२ मार्च

चारही पिल्लं आपापलं खातात. थोरला ३५ ग्रॅम, धाकटी ३१, उजव्या पायावर जरा उशिरा उतरते. दोघी पिवळ्या आकाशीबरोबर मोठ्या पिंजऱ्यात राहतील, मडक्याशिवाय. गूळ मिरचीच्या शेजारी, मध्ये जाळी.

हिरवे दोघं द्यायचेत. सांगलीचा आतेभाऊ आला होता. त्याला 'जोडी' हवी, एक पिवळं, एक हिरवं. म्हटलं, ते भाऊबहीण आहेत, जोडी लावायची नाही. दोघं हिरवे ने, दोन नर गुण्यागोविंदानं राहतात, बडबडही जास्त करतात. अंडी मिळणार नाहीत.

त्यानं पिंजऱ्यात वाकून बघितलं. कोवळ्या नरांची नाकं अजून गुलाबी आहेत, निळी व्हायला वेळ आहे.

"नर काय सांगतोस," तो म्हणाला, "नाक तर बाईचं आहे. दुकानात निळं असतंय."

खाली जाऊन भिंग घेऊन आलो.